दगड वेगळा, खडक वेगळा

भाऊबीजेला मेव्हणा आला होता. ओवाळणी झाली, जेवण झालं, आणि मग दरवर्षीसारखे आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत पाय ताणून पडलो. तो मोबाईलवर काहीतरी बघत होता आणि मधेच म्हणाला, "दाजी, हे फिनलंडवाले अणुभट्टीचा कचरा जमिनीत पुरतायत, चारशे मीटर खाली. सगळ्यात टणक दगड शोधला असणार ना ह्यासाठी?" पोटात बासुंदी, डोळ्यावर झापड, मी म्हणालो हो, तसंच काहीतरी. "मग आपल्याकडे सह्याद्रीत एवढा काळा पाषाण पडलाय, पोकलेनचे दात तुटतात, आपण का नाही पुरत?" मी परत हो हो केलं आणि झोपलो.

संध्याकाळी तो कराडला गेला आणि मला हळूहळू टोचायला लागलं. पंचवीस वर्षं हेच काम करतोय, बोगद्यांसाठी, धरणांसाठी बोअर मारून खडक बघायचं, आणि घरच्या माणसाला धडधडीत चुकीचं उत्तर दिलं. टणक दगड शोधतात हे उत्तर अर्धंसुद्धा बरोबर नाही. म्हणून हे लिहितोय. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

इंग्रजीत रॉक म्हणजे रॉक. मग त्यांची पंचाईत होते आणि इन्टॅक्ट रॉक वेगळा, रॉक मास वेगळा असं सांगत बसावं लागतं. आपल्याकडे हा फरक आधीपासूनच आहे. हातात घेता येतो, फेकून मारता येतो, तो दगड. ज्याच्यावर आपण उभे असतो तो खडक. खडकात भेगा असतात, सांधे असतात, पाणी असतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो चारी बाजूंनी दाबलेला असतो. दगड मोकळा असतो. लॅबमध्ये आपण ताकद मोजतो ती दगडाची, आणि कचरा पुरायचा असतो खडकात. सगळा घोळ इथे आहे.

आधी दगडाची ताकद कशी मोजतात ते. ड्रिलिंग मशीनने बोअर मारला की आतून दंडगोल काढता येतो, त्याला कोअर म्हणतात. आमच्याकडे बहुतेक एनएक्स साईझचा, म्हणजे साधारण ५४ मिलिमीटर जाडीचा. त्याचा एक सरळ तुकडा कापायचा, दोन्ही तोंडं घासून सपाट करायची, प्रेसमध्ये उभा करायचा आणि वरून दाब वाढवत जायचं. चांगला दगड असेल तर बराच वेळ काहीच होत नाही, मग बारीक कुरकुर, आणि मग असा आवाज की पहिल्यांदा बघणारा दोन पावलं मागे जातो. तुटला तेव्हा जो दाब होता ती त्याची ताकद, यूसीएस. हिशोब मेगापास्कलमध्ये, एक मेगापास्कल म्हणजे ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो. तुमच्या बिल्डिंगचं काँक्रीट एम २५ असेल तर २५ मेगापास्कल. आपला चांगला काळा पाषाण दीडशे-दोनशे सहज घेतो. म्हणजे मेव्हण्याचं म्हणणं इथपर्यंत बरोबर, दगड म्हणून तो जबरदस्तच आहे.

आता एक कबुली. पहिल्या नोकरीत, एका घाटातल्या प्रोजेक्टवर, लॅबला सॅम्पल पाठवायचं काम माझ्याकडे होतं. टेस्टला व्यासाच्या दुप्पट ते अडीचपट लांबीचा सलग तुकडा लागतो, म्हणजे एनएक्सला अकरा ते साडेतेरा सेंटिमीटर. मी कोअर बॉक्स उघडायचो आणि त्यातले छान लांब, गुळगुळीत, काळेभोर तुकडे उचलायचो. जिथे कोअर तुटून आला, जिथे कॅल्साईटची पांढरी शीर होती, जिथे गेरूसारखी लाल माती होती, ते तुकडे टेस्टला बसतच नाहीत, मग कोण पाठवणार. रिझल्ट मस्त आले. १८० मेगापास्कल, १९५, एकदा २१०. मी खुश. साहेबांनी रिपोर्ट बघितला, मग कोअर बॉक्स बघितला, आणि म्हणाले, "तू शाळेची परीक्षा नाही घेतलीस बाळा, पहिल्या पाच नंबरांची यादी आणलीस." ते वाक्य अजून कानात आहे. मशीनपर्यंत पोचणारा प्रत्येक तुकडा एक परीक्षा आधीच पास झालेला असतो, आणि नापास झालेले बॉक्समध्येच राहतात.

त्यावर उपाय म्हणून तुटलेल्या कोअरचाही हिशोब ठेवतात. डिअर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने साठच्या दशकात एक सोपी पद्धत काढली, आरक्यूडी. बोअरमधून निघालेल्या कोअरमधले दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे मोजा, त्यांची बेरीज एकूण लांबीच्या किती टक्के आहे ते बघा. ९० च्या वर म्हणजे उत्तम खडक, २५ च्या खाली म्हणजे देवाचं नाव घ्या. पुढे आरएमआर आली, बार्टनची क्यू सिस्टिम आली, त्यात भेगांचा खडबडीतपणा, पाणी, असं बरंच काही घेतात. रोजच्या कामाला हे पुरतं. पण खोलवर गेलं की हीच पद्धत कशी तोंडघशी पाडते त्याचा किस्सा अमेरिकेतला आहे, आणि तो नेमका काळ्या पाषाणाचा आहे.

वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठाला हॅनफर्ड म्हणून जागा आहे. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम तिथे तयार झालं होतं. त्यामुळे कचरा आधीपासून तिथेच, जमीन सरकारची, आणि खाली बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या पाषाणाचे, थरावर थर, अगदी आपल्या दख्खनसारखे. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा सगळ्यात जुना साधारण पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या मानाने पोरगाच. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी प्रोजेक्ट सुरू केला, एक किलोमीटर खाली एका जाड थरात कचरा ठेवायचा. जवळच्या गेबल माउंटनमध्ये बोगदे खणून खडक हीटरने तापवून बघितला. दगडाची ताकद दोनशेच्या पुढे, कागदावर सगळं झकास.

पण खोल बोअरमधून कोअर यायला लागला तो काही ठिकाणी चकत्या होऊन. वेफर्ससाठी बटाटा चिरतो तशा, एकसारख्या, एकावर एक रचलेल्या. मी हे फक्त फोटोत बघितलंय, आपल्याकडे माझ्या बोअरला कधी आलं नाही. पण समजा आलं असतं तर माझ्या पहिल्या नोकरीतल्या मी काय केलं असतं? एकही तुकडा दहा सेंटिमीटरचा नाही, आरक्यूडी शून्य, खडक एकदम भंगार असं लिहिलं असतं आणि वर ड्रिलरला शिव्या घातल्या असत्या की मशीन नीट चालव. खरं म्हणजे तिथला दगड उत्तमच असतो, कचकड्याचा दगड चकत्या होण्याआधीच भुगा होईल. चकत्या होतात कारण खाली तो आडव्या दाबाने करकचून आवळलेला असतो आणि ड्रिलने भोवती गोल कापून त्याला एकदम मोकळं केलं की तो फुगायला बघतो आणि चिरत जातो. म्हणजे ज्याला आपण नापास म्हणून फेकलं असतं तोच कोअर सगळ्यात मोठी बातमी घेऊन आलेला असतो. पुढे बोअरमध्ये पाण्याचा दाब देऊन खडक चिरून मोजलं, तर आडवा दाब उभ्या दाबाच्या दुपटीहून जास्त निघाला.

हॅनफर्ड फक्त ह्या चकत्यांमुळे गेलं असं मी म्हणणार नाही. पाणी कोलंबिया नदीपर्यंत किती वर्षांत पोचेल ह्यावर भांडणं होती, खर्च वाढत होता, आणि १९८६ मध्ये तीन जागांची यादी झाली, हॅनफर्डचा बेसॉल्ट, टेक्सासमधलं मीठ आणि नेवाडातला युक्का माउंटन. १९८७ मध्ये त्यांच्या संसदेने कायदा बदलून सांगितलं की आता फक्त युक्का माउंटनच बघा. विषय संपला. आमच्या धंद्यात कितीही बोअर मारा, शेवटचा बोअर राजधानीत मारला जातो.

आता खरा प्रश्न, आवळलेला असला तर बिघडलं काय? बिघडतं ते भोक पाडल्यावर. नदीच्या प्रवाहात खांब असला की पाणी बाजूने जोरात जातं, तसंच खडकात भोक पाडलं की त्यातून जाणारा दाब भोकाच्या कडेला गोळा होतो. किती गोळा होतो ह्याचं सूत्र किर्श नावाच्या जर्मन इंजिनियरने १८९८ मध्ये दिलं आणि आजही आम्ही पहिला हिशोब त्यानेच करतो, एका दिशेच्या मोठ्या दाबाची तिप्पट वजा दुसऱ्या दिशेचा लहान दाब. बस, एवढंच. लहान मूलही करेल.

कॅनडात मॅनिटोबा प्रांतात ग्रॅनाईटमध्ये जमिनीखाली एक प्रयोगशाळाच खणली होती, कचरा ठेवायला नाही, फक्त खडक समजून घ्यायला. तिथे ४२० मीटर खोलीवर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साडेतीन मीटर व्यासाचा एक गोल बोगदा काढला. आणि तो सुरुंग न लावता काढला, कडेने ओळीत होल मारून आणि पाचर घालून खडक फोडत, कारण सुरुंग लावला असता तर पुढे काहीही झालं तरी सगळे म्हणाले असते की ब्लास्टिंगने हादरला. तिथे मोठा दाब ६० मेगापास्कल, लहान ११. किर्शचं सूत्र लावा, तीन गुणिले ६० वजा ११, म्हणजे १६९. दगडाची लॅबमधली ताकद दोनशेच्या वर. म्हणजे पास. चाळीसेक मेगापास्कल शिल्लक ठेवून पास.

आणि बोगदा फुटला. कोसळला नाही, पण छताला आणि तळाला पापुद्रे सुटायला लागले, कांद्याच्या पातीसारखे पातळ, एक गेला की मागचा, आणि हळूहळू इंग्रजी व्ही आकाराची खाच पडत गेली. जमिनीत लावलेले मायक्रोफोन प्रत्येक चिरेचा आवाज ऐकत होते. उलटा हिशोब केला तेव्हा कळलं की कडेला साधारण १२० मेगापास्कल झाले की हा खडक सोलायला लागतो. लॅबच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडं जास्त.

असं का? लॅबमधल्या तुकड्यातही पहिली बारीक चीर निम्म्याच्या आतबाहेरच पडलेली असते, फक्त आपण ती बघत नाही, आपण शेवटचा धडाम् ऐकतो. प्रेसमध्ये दाब काही मिनिटांत चढतो, वरची-खालची प्लेट दगडाची टोकं धरून ठेवते, त्यामुळे पडलेल्या चिरांना पसरायला सवड मिळत नाही. खाली वेळच वेळ असतो, ओल असते, आणि बोगदा पुढे सरकतो तसा दाब दिशा बदलत राहतो, तार वाकडी-सरळ करून तोडतो ना आपण, तसं थोडंसं. आणि भोकाची कड म्हणजे एका बाजूने हवा, धरायला कोणी नाही.

हे धरायला कोणी नाही प्रकरण किती महत्त्वाचं आहे ते स्वीडनने दाखवलं, आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग. ऑस्कर्सहामनजवळ एस्पो नावाच्या बेटाखाली त्यांनी प्रयोगशाळा खणली होती. तिथे ४५० मीटरवर २००३-०४ मध्ये दोन उभी भोकं पाडली, पावणेदोन मीटर व्यासाची, म्हणजे अणुकचऱ्याचा खरोखरचा डबा ठेवायला लागतो तेवढ्याच मापाची, आणि दोन भोकांच्या मधे फक्त एक मीटर खडकाचा खांब ठेवला. मग आजूबाजूने हीटर लावून खांबावरचा दाब वाढवत नेला, मुद्दाम फुटावा म्हणून. एका भोकात पाण्याची पिशवी घालून भिंतीला आतून आधार दिला, ०.७ मेगापास्कलचा. दुसरं भोक उघडं.

उघडं भोक सोललं. कॅनडासारखंच, दगडाच्या ताकदीच्या साधारण ०.५९ पटीला. तिथल्या दगडाची ताकद २११, म्हणजे १२० च्या पुढेमागे. आणि पिशवी घातलेलं भोक शाबूत. ०.७ मेगापास्कल म्हणजे किती सांगू? ट्रकच्या टायरमध्ये हवा भरतात तेवढा. समोरून १२० येतायत आणि आधार आहे ट्रकच्या टायरचा, आणि तेवढा पुरतो! मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा आकडा दोनदा तपासला होता, वाटलं छापताना टिंब चुकलं असेल.

म्हणूनच डब्याभोवती बेंटोनाईट भरतात, ओली झाली की फुगणारी माती. मुख्य काम पाणी अडवायचं, पण फुगली की ती भिंतीलाही आतून टेकू देते. अडचण एवढीच की ती फुगायला आधी ओली व्हायला पाहिजे, आणि जागा निवडलीय कोरडी बघून. कोरड्या खडकात ती पूर्ण भिजायला वर्षानुवर्षं जातात, आणि डबा मात्र पहिल्या दिवसापासून गरम.

ह्या गरमीचं लोकांच्या लक्षातच येत नाही. अणुकचरा म्हटलं की रेडिएशन आठवतं, पण खडकाच्या दृष्टीने तो आधी एक हीटर आहे. स्वीडिश डिझाईनमध्ये एका डब्याची उष्णता सुरुवातीला १७०० वॅटपर्यंत, म्हणजे घरातला गीझर थोडा कमी करून, आणि तो कोणी बंद करत नाही. बेंटोनाईट १०० डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही म्हणून डबे लांब लांब ठेवतात. खडक तापला की फुगणार, पण चारी बाजूंनी खडकच असल्याने फुगायला जागा नाही, मग दाब वाढतो. साध्या हिशोबाने ग्रॅनाईटसारख्या खडकात एका डिग्रीला अर्ध्या मेगापास्कलच्या आसपास. चाळीस डिग्री वाढले तर वीस.

आता हे वीस घेऊन फोर्समार्कला चला. स्वीडनने त्यांचं खरं भांडार तिथे करायचं ठरवलंय, बाल्टिक समुद्राकाठी. तिथे पाचशे मीटरच्या आसपास मोठा आडवा दाब साधारण ४०, लहान २३. उभ्या भोकाच्या कडेला, तीन गुणिले चाळीस वजा तेवीस, ९७. दगडाची ताकद सव्वादोनशेच्या आसपास, त्याचे ०.५७-०.५९ धरले तर सव्वाशे-एकशेतीस. म्हणजे भोक पाडल्यावर ठीक. डबे ठेवले, खडक तापला, दोन्ही आडव्या दाबांत वीस वीस मिळवा, तीन गुणिले ६० वजा ४३, १३७. गेलं हद्दीच्या बाहेर. हा माझा पाटीवरचा हिशोब आहे, त्यांची मॉडेल्स ह्याच्या शंभरपट बारकाईची आहेत, पण निष्कर्ष तोच, गरम होताना काही भोकांच्या भिंती सोलतील हे त्यांनी धरूनच चाललंय. भांडार बांधताना नाही, बंद करून माणसं वर निघून गेल्यावर.

आणि तरीही फोर्समार्कच निवडलं! समोर दुसरा उमेदवार होता, लाक्सेमार, ऑस्कर्सहामनकडचा. तिथे आडवा दाब कमी, म्हणजे नुसतं सोलण्याचं बघितलं तर तीच जागा बरी. पण २००९ मध्ये निर्णय फोर्समार्कच्या बाजूने गेला, कारण तिथे त्या खोलीवर पाणी वाहून नेणाऱ्या भेगा फारच थोड्या. सोललेल्या भिंतीचा हिशोब मांडता येतो, बोगदे मोठ्या दाबाच्या दिशेने आखले तर निदान बोगद्यांचा त्रास कमी करता येतो, पण वाहत्या पाण्याची भेग एक लाख वर्षं बुजवून ठेवायची म्हणजे कठीण. तिथल्या सरकारने २०२२ मध्ये मंजुरी दिली आणि २०२५ च्या जानेवारीत कामाला सुरुवात झाली.

मेव्हण्याने ज्या फिनलंडचा व्हिडिओ बघितला त्याची गोष्ट तर अजून मजेशीर आहे. जागेचं नाव ओल्किलुओतो, भांडाराचं नाव ओंकालो. तिथला खडक मिग्मटाईटी ग्नाइस, पावणेदोन-दोन अब्ज वर्षांचा, पट्ट्यापट्ट्यांचा, मधेमधे अभ्रक. ताकद सरासरी शंभरच्या आसपास, एस्पोच्या दगडाच्या निम्मी. आणि ती सुद्धा कुठल्या बाजूने दाबता त्यावर, पट्ट्यांना तिरपं दाबलं तर अजून कमी. टणक दगडाची स्पर्धा असती तर पहिल्या फेरीत बाहेर गेला असता. त्यांनी ऐंशीच्या दशकापासून देशभर चाळणी लावली, शेवटी चार जागा राहिल्या, त्यातून ही निवडली आणि २००१ मध्ये त्यांच्या संसदेने मान्यता दिली. दगड अर्धा, पण आडवा दाबही फोर्समार्कपेक्षा बराच कमी, आणि शेवटी बघायचं असतं ते दोघांचं प्रमाण. पैलवान किती वजन उचलतो हे एकट्याने विचारण्यात अर्थ नाही, त्याच्या डोक्यावर किती ठेवलंय ते पण विचारा. शिवाय जवळच अणुभट्ट्या, गावकऱ्यांना सवय, ग्रामपंचायतीचा होकार.

त्यांनी एस्पोसारखाच प्रयोग ३४५ मीटरवर केला, भोकं पाडली, तापवली, पण तिथे सुरेख व्ही आकाराची खाच वगैरे आली नाही. खडक तुटला तो अभ्रकाच्या पट्ट्यांवरून आणि ग्नाइस-पेग्मटाईटच्या सांध्यावरून, त्याला वाटेल तिथे. कॅनडाचं गणित इथे जसंच्या तसं लागू पडलं नाही. म्हणून प्रत्येक जागेला खाली उतरून, तिथल्याच खडकात, खऱ्या मापाचं भोक पाडून, तापवूनच बघावं लागतं, दुसऱ्याच्या रिपोर्टवर भागत नाही. २०२४ च्या ऑगस्टपासून तिथे डब्यांची रंगीत तालीम सुरू झाली, खऱ्या इंधनाशिवाय.

मऊ खडकांचं थोडक्यात सांगतो, तो माझा विषय नाही. फ्रान्सने बूरला चिकणमातीचा खडक घेतलाय, ताकद वीस-पंचवीस मेगापास्कल, म्हणजे आपल्या काँक्रीटएवढी. अमेरिकेने न्यू मेक्सिकोत मिठात लष्करी कचरा १९९९ पासून ठेवलाय, साडेसहाशे मीटर खाली, आणि मीठ तर हळूहळू वाहतं, खणलेली खोली स्वतःहून मिटत जाते. तिथे हा दुर्गुण नाही, त्यासाठीच तर ते निवडलं.

आता सगळ्यात टणक दगडाचा शेवट काय होतो ते बघायचं तर आपल्याच देशात कोलारला. सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरच्याही खाली गेल्या होत्या, आणि तिथे रॉकबर्स्ट म्हणजे रोजचं मरण. टणक दगड दाब सहन करतो म्हणजे काय, तर तो साठवतो, स्प्रिंगसारखा. मऊ खडक वाकतो, कण्हतो, आधी सांगतो. टणक खडक गप्प असतो आणि मग एका क्षणात भिंतीतून बाहेर येतो, माणसांवर. ह्याच कोलारमध्ये वापरात नसलेल्या भागात साधारण एक किलोमीटर खाली ऐंशीच्या दशकात भाभा अणुसंशोधन केंद्राने हीटर लावून प्रयोग केला होता, खडक तापल्यावर कसा वागतो ते बघायला. फक्त हीटर, कचरा नाही. तरी २०१२ मध्ये कुडनकुलमच्या केसमध्ये कोर्टात कोलारचं नाव निघालं आणि तिथले लोक रस्त्यावर आले, मग सरकारला सांगावं लागलं की तसं काही ठरलेलं नाही. आधीच खाण बंद पडून हातचं काम गेलेलं गाव, वर हे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही उतरलो असतो.

आपल्याकडे वापरलेलं इंधन तसंच पुरत नाहीत, त्यातून कामाचं काढून घेतात आणि उरलेल्या अतिकिरणोत्सारी पाण्याची काच करतात. ती काच गार व्हायला ठेवायची जागा आपल्या तारापूरला आहे, हवेने थंड होणारी. आधी काही दशकं तिथेच निवू द्यायची, म्हणून खोल भांडाराची घाई नाही असं खात्याचं धोरण. निवलेला डबा म्हणजे वर मांडलेल्या गणितातले ते वीस मेगापास्कल कमी, त्यामुळे मला हे पटतं, निदान खडकाच्या बाजूने.

राहिला सह्याद्री. काळा पाषाण दगड म्हणून पैलवान, पण सह्याद्री म्हणजे नुसता काळा पाषाण नाही. कोणत्याही विहीर खणणाऱ्याला विचारा, तो सांगेल, मुरूम, मग काळा, मग मांजऱ्या, मग लाल गेरूचा पट्टा, परत काळा. प्रत्येक लाव्हाचा थर वेगळा, दोन थरांच्या मधल्या पट्ट्यात पाणी, आणि काळ्या पाषाणालाही उभे सांधे. आपल्या विहिरींना जे पाणी लागतं ते त्याच वाटांनी येतं, म्हणजे फोर्समार्कला जी गोष्ट नको होती तीच आपल्याकडे भरपूर. आणि आमच्या कोयनेला तर विचारूच नका. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आई अजून सांगते, आणि जमीन अधूनमधून अजून हलते. तिथे भूकंप समजून घ्यायला तीन किलोमीटरचा बोअर मारलाय, त्यात बेसॉल्ट साधारण सव्वा किलोमीटरलाच संपला आणि खाली ग्रॅनाईट ग्नाइस लागला.

हे सगळं मी मेव्हण्याला व्हॉट्सॅपवर पाठवलं, म्हणजे एवढं नाही, पण सात व्हॉइस मेसेज झाले. दोन दिवस निळी टिक नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, "ओके दाजी. रविवारी या जमलं तर, मळ्यात बोअर मारायचाय. पाणाड्या येऊन गेला, नारळ उभा राहिला, जागा फिक्स आहे. तुम्ही फक्त एकदा बघून घ्या."